बोस्नियन 'चेइफ' म्हणजे आपला कैफच का?

सेंट लुईसला राहते. इथे बोस्नियन लोकांची मोठी वस्ती, शेजारही त्यांचाच, म्हणून ती भाषा शिकायला घेतली. वर्ग इंग्रजीतून चालतो. सात विभक्ती म्हटल्यावर अमेरिकन मंडळींच्या कपाळाला आठ्या. आपण प्रथमा ते संबोधन शाळेतच घोकलेलं. मी अडले ते 'चेइफ'पाशी. पुस्तकात 'आनंद' आणि 'लहर' असे दोन्ही अर्थ दिलेत. हा आपला कैफच ना?

——

मूळ एकच, अरबी. आपल्याकडे तो फारसीच्या वाटेने आला, तिकडे तुर्कीच्या. 1463 पासून 1878 पर्यंत बोस्नियावर उस्मानी तुर्कांचा अंमल होता, त्यामुळे असे शब्द ढिगाने सापडतील. दुकान म्हणजे 'दुचान', शत्रू तो 'दुश्मन', हमाल तर हमालच. घरात घालायच्या सपाता 'पापुचे', म्हणजे आपला पायपोस! इंग्रजीवाले हे पाठ करत बसतात, आपल्याला फुकटात मिळतं. तरी अर्थ तपासून घ्या. 'मुसाफिर' तिथे प्रवासी नव्हे, घरी आलेला पाहुणा.

कैफाचंही तसंच. आपला कैफ चढतो आणि उतरतो, त्यात नशा आहे. चेइफात ती नाही. 'जेझ्वा'तून, म्हणजे कॉफी उकळायच्या छोट्या भांड्यातून, बिनदांड्याच्या छोट्या कपात कॉफी ओततात; कोणी साखरेचा खडा त्यात बुडवून जिभेखाली धरतो, कोणी नुसतीच पितो, आणि तासभर कोणी उठत नाही. ज्याचा त्याचा चेइफ. आपण 'तब्येतीत' म्हणतो, ते याला सर्वांत जवळचं.

——

'तब्येतीत'ने अर्धंच काम होतं. 'काको ती ये चेइफ' म्हणजे 'तुझी मर्जी', आणि ते कधी कधी चांगलं तिरकसपणेही म्हणतात. तिथे तब्येत चालणार नाही. लहर, मर्जी, थोडा हेका, हे सगळं त्या शब्दात आहे. पुस्तकाने दोन अर्थ दिले ते बरोबरच.

——

आभार. आता पुढचं. 'पिती' आणि 'पोपिती', दोन्हींचा अर्थ 'पिणे' दिलाय. शिक्षिका इंग्रजीत समजावून थकली.

——

मराठीत एका ओळीत होईल. 'पिती' म्हणजे पिणे, पीत असणे; 'पोपिती' म्हणजे पिऊन टाकणे, कप रिकामा. 'पिसाती' आणि 'नापिसाती' तसेच: लिहिणे, लिहून काढणे. आपण मागे क्रियापद जोडतो, ते पुढे उपसर्ग लावतात. चेइफाने बसला असाल तर अर्थातच 'पिती'.