जुनी हाताने बनवलेली स्टीलची फ्रेम: ओळखायची कशी, विकायची कशी?

म्हापशाहून: काकांची रेसिंग सायकल, इंग्लंडहून आणलेली, चाकं बिकं गेली, फ्रेम नि फोर्क तेवढा उरलाय, स्टिकर एकही नाही. भंगारवाला किलोवर मागतोय पण मन होत नाही. कुठली ते कसं कळणार?

फोंड्याहून: किलोवर अजिबात देऊ नका! फ्रेम उलटी करा, पेडलचा एक्सल जातो त्या नळीखाली नंबर ठोकलेला असतो, त्यावर खडू घासून फोटो काढा. त्याच नळीची लांबी मोजा, ६८ मिमी म्हणजे बहुतेक ब्रिटिश, ७० असली तर इटालियन. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) २७.२ मिमीचा बसला तर नळ्या चांगल्या, रेनॉल्ड्स या ब्रिटिश कंपनीच्या ५३१ स्टीलच्या असू शकतात (१९३५ पासून येतात), पण तेवढ्यावरून पक्कं धरू नका.

मडगावहून: लग बघा हो, नळ्या जुळतात तिथले. हाताने कानस मारलेल्या लगची कड कागदासारखी पातळ, टोकं अणकुचीदार, फॅक्टरीतल्या स्वस्त फ्रेमची जाड नि बोथट. आणि विकायच्या आधी रंग मारू नका प्लीज, घेणाऱ्याला मूळ रंगच हवा असतो, ओरखड्यांसकट.

पणजीहून: आपल्याकडे खारा वारा, त्यामुळे सीटपोस्ट काढून आत टॉर्च मारा, गंज असेल तर जाहिरातीत सरळ लिहा. मागचं चाक बसतं ती फटही मोजून टाका, १२० का १२६ मिमी, त्यावरून काळाचा अंदाज येतो.

म्हापशाहून: ६८ भरली!! नंबरही आहे, फोटो संध्याकाळी टाकतो.