2025 मध्ये अमेरिकेच्या 50 टक्के टॅरिफचा भुर्दंड नेमका कुणाच्या खिशातून गेला?

दिवाणजी_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी दिवाणजी आहे, अठरा वर्षं झाली. नवीन पोरं अकाउंटंट म्हणतात, पण मालकांच्या वडिलांनी ठेवलेलं नाव अजून चालू आहे. माग 24. हजेरी, बिलं, बँक, सगळं माझ्याच टेबलावर.

गोदामात अमेरिकेच्या ऑर्डरचे 212 कार्टन पडून आहेत. परवा एक फोडून बघितला. 500 जीएसएमचा बाथ टॉवेल, कोपऱ्यात गिऱ्हाइकानं पाठवलेलं लेबल शिवलेलं, वर टॅग: 12.99 डॉलर. पॅकिंगच्या बायकांनी जून-जुलैत बसून एकेक धागा कापून हे टॅग लावलेत. ते काढल्याशिवाय माल इथल्या चाटी गल्लीच्या कापडबाजारातसुद्धा चालायचा नाही, आणि लेबल उसवलं की भोकं दिसतात.

27 ऑगस्ट 2025 पासून भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर जादा टॅरिफ, म्हणजे तिकडचा आयात कर, एकूण 50 टक्के झाला. त्यातले निम्मे आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. आमच्या डाइंगच्या बॉयलरला लाकूड लागतं, रशियाचं तेल आम्ही डोळ्यानं बघितलेलं नाही, पण दंड आमच्या टॉवेलला.

आता मुंबईचा एजंट म्हणतो 15 टक्के डिस्काउंट द्या, नाहीतर ऑर्डर रद्द. मालक मला विचारतात, "दिवाणजी, टॅरिफ तिकडचा आयातदार भरतो असं टीव्हीवर सांगतात. मग हा आपल्याकडं कशाला हात पसरतो?" मला उत्तर देता आलं नाही. दुसरं म्हणजे, या सगळ्यात दोन्हीकडच्या सरकारांच्या तिजोरीत काय येतं, काय जातं, आणि त्यातलं आमच्यासारख्यापर्यंत काही पोचणार का? दिवाळी तोंडावर आहे, बोनसचा कागद माझ्यापुढं पडलाय. जाणकारांनी सांगावं.

न्हावाशेवा_सोलापूरकर

दिवाणजी, मी मूळचा अशोक चौकातला, आता उरणला कस्टमचं क्लिअरिंगचं काम करतो. तुमच्याच मालाचं गणित मांडतो, म्हणजे मालकांना दाखवता येईल.

समजा टॉवेल 3 डॉलर एफओबी, म्हणजे इथं जहाजावर चढवेपर्यंतचा भाव. टेरी टॉवेलला अमेरिकेची जुनी ड्युटी 9.1 टक्के आहेच, ती कुणी माफ केलेली नाही. म्हणजे आधी आयातदाराला नग पडायचा साधारण 3.27 डॉलरला. 27 ऑगस्ट 2025 नंतर 9.1 अधिक 50, म्हणजे 59.1 टक्के. तुम्ही काहीच सोडलं नाही तर त्याला 4.77 ला पडतो. तुम्ही 15 टक्के सोडले तर तुमचा भाव 2.55, ड्युटी 1.51, त्याला पडला 4.06.

आता बघा. अमेरिकी सरकारला एका नगामागं आधीपेक्षा सव्वा डॉलरच्या जवळ जास्त मिळाले. त्यातले 45 सेंट तुम्ही दिले, बाकीचे 78-79 सेंट त्यानं. चलन त्याच्या नावावर फाटतं हे खरं, पण पैसे दोघांच्या खिशातून. वाटणी किती-किती, हे कायदा ठरवत नाही, कुणाला घाई जास्त आहे त्यावर ठरतं. त्याला पाकिस्तानातून टॉवेल मिळतो, तिथं 2025 च्या ऑगस्टपासून जादा टॅरिफ 19 टक्के होता. बांगलादेशला 20. तुर्कस्तानला 15. तुमच्याकडं मात्र त्याचंच लेबल शिवलेला माल पडलाय, तो दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. घाई कुणाला, हे त्या एजंटला चांगलं माहितेय.

डॉलर 88 च्या आसपास धरला तर 45 सेंट म्हणजे नगाला 40 रुपये. रुपया घसरल्याचा थोडा आधार मिळतो, पण सूत आणि रंगही डॉलरच्याच बाजारातून येतात, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

आणि एक गोष्ट हमखास सुटते. ड्रॉबॅक आणि आरओएससीटीएल, म्हणजे निर्यातदाराला सरकारकडून मिळणारे कराचे परतावे, हे एफओबी किमतीवर टक्क्यानं मिळतात. तुम्ही भाव 15 टक्के उतरवला की तो परतावाही त्याच प्रमाणात उतरतो. डिस्काउंट देताना ते धरूनच आकडा काढा. बहुतेक जण काढत नाहीत, मग मार्चला डोकं धरून बसतात.

ऑगस्टमध्येच जहाजावर चढवला असता तर बरं झालं असतं असं वाटत असेल, तर तेही सोडा. 27 ऑगस्टच्या आत लोड झालेला आणि 17 सप्टेंबरच्या आत तिकडं उतरून कस्टममधून सुटलेला माल तेवढा वाढीव 25 टक्क्यांतून वाचला. ऑगस्टच्या शेवटी निघालेला कंटेनर एवढ्या लवकर पोचत नाही.

मोहोळचा_कांदा

दिवाणजी, तुमचं दुखणं खरं हाय. पण आम्हाला ह्यात नवल वाटत नाही. तुमच्यावर परक्या सरकारनं लावलं, आमच्यावर आपल्याच सरकारनं लावलं होतं, एवढाच फरक.

ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क. आणि 8 डिसेंबर 2023 ला सरळ बंदी. त्या दिवशी माझा कांदा काढून रानात वाळत घातलेला. सोलापूरच्या यार्डात नेईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आला. व्यापारी म्हणला, "काय करू, वरून बंदी आली." मे 2024 ला बंदी उठवली ती कशी, तर टनाला किमान 550 डॉलर भाव आणि वर 40 टक्के. म्हणजे 220 डॉलर शुल्क, 770 च्या खाली कांदा देशाबाहेर जायलाच नको. सप्टेंबर 2024 ला 20 टक्क्यांवर आणलं, आणि शून्य झालं 1 एप्रिल 2025 ला. तोवर बांगलादेशच्या व्यापाऱ्यांनी दुसरी दुकानं बघितलेली.

त्या बंदीच्या काळातच सरकारनं बांगलादेशला 50,000 टन आणि दुबईकडं 14,400 टन स्वतः पाठवायला परवानगी दिली. मैत्री टिकवायची होती, समजतं. पण मैत्री सरकारची अन् कांदा माझा, असला हिशोब.

40 टक्क्यांतून सरकारला पैसे गोळा करायचेच नव्हते, शहरात कांदा स्वस्त ठेवायचा होता. तुमचा एजंट जसा 45 सेंट तुमच्याकडून घेतो, तसं ते 40 टक्के व्यापाऱ्यानं माझ्या भावातून कापले. न्हावाशेवावाल्यांनी जे सांगितलं तेच, फक्त उलट्या बाजूनं. यंदाचं तर बोलूच नका, सीना नदीच्या पुराचं पाणी परवा रानातून उतरलंय.

पूर्वभाग_जिंदाबाद

सगळे हिशोब बरोबर. पण मास्तर लोकं येऊन टक्केवारी सांगायच्या आधी एक विचारतो. माझे नाना तीस वर्षं मागावर उभे राहिले. भाव वाढला तेव्हा कुठल्या मालकानं मजुरी वाढवली बे? 3 डॉलरचे 4 झाले असते तर पॅकिंगच्या बायकांना काय मिळालं असतं?

निवृत्त_मास्तर

आलोच. पूर्वभागवाल्यांचा प्रश्न खोडता येण्यासारखा नाही, म्हणून मी तिजोरीचं तेवढं बोलतो.

अमेरिकेच्या काँग्रेसचं अंदाजपत्रक कार्यालय आहे, दोन्ही पक्षांपासून अंतर ठेवून हिशोब मांडणारं. त्यांनी ऑगस्ट 2025 मध्ये अंदाज काढला की हे वाढीव टॅरिफ असेच राहिले तर दहा वर्षांत तिथली तूट व्याजाच्या बचतीसह 4 लाख कोटी डॉलरनं कमी होईल. तेव्हा ट्रम्प हे लवकर सोडतील अशा आशेवर बसू नका. नुसता दंड असता तर तेलाचं भांडण मिटल्यावर उतरला असता. पण ज्या पैशावर अंदाजपत्रकाचा एक खांब उभा राहिला, तो काढायला कुठलंच सरकार उत्साही नसतं. त्याच कार्यालयानं जूनमध्ये हेही लिहिलं होतं की यानं तिथली महागाई वाढेल. म्हणजे न्हावाशेवावाल्यांचे ते 78 सेंट.

आपल्याकडचं चित्र वेगळं. 2025-26 च्या अंदाजपत्रकात सीमाशुल्काचे 2.40 लाख कोटी धरलेत, सरकारच्या प्रत्येक रुपयात 4 पैसे. तेही बहुतेक आयातीवरचे. टॉवेलसारख्या निर्यातीतून केंद्राला थेट निर्यात कर मिळत नाही, उलट परतावा द्यावा लागतो. त्यामुळं सोलापूरची निर्यात थांबली तर दिल्लीच्या वहीत त्या महिन्यात काही दिसत नाही. परतावा वाचला म्हणून उलट बचतच दिसेल! नुकसान दिसतं ते सावकाश: बँकेचं थकलेलं खातं, कमी झालेली हजेरी, बाजारातला उठाव. त्याला कुठलं शीर्षक नाही.

आरओएससीटीएलचा परतावा रोख नाही, स्क्रिप म्हणजे विकता येणाऱ्या पावतीनं मिळतो, ती तुम्ही विकता ना, दिवाणजी? ती घेणारा आयातदार त्यातून आपलं सीमाशुल्क भरतो. म्हणजे तुमचा परतावा त्या 4 पैशांतूनच वजा होतो. सरकार हात आखडता घेतं ते यामुळं. निर्यात कर्जावरची जुनी व्याज सवलत 31 डिसेंबर 2024 ला संपली. फेब्रुवारी 2025 मध्ये निर्यात प्रोत्साहन मिशनला 2,250 कोटी दाखवले, त्यातलं 2025 च्या दिवाळीच्या तोंडापर्यंत मला कुठं खाली उतरलेलं दिसलं नाही. एक गोष्ट मात्र झटपट केली: कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून 31 डिसेंबर 2025 पर्यंत माफ. सूत थोडं स्वस्त होईल. त्याची किंमत विदर्भ-मराठवाड्यातला कापूसवाला भरेल, कारण त्याचा कापूस नेमका दसरा-दिवाळीला येतो. मोहोळकर, तुम्हाला यात काही ओळखीचं वाटतंय का?

मोहोळचा_कांदा

ओळखीचं म्हणजे, सख्खा भाऊच की ओ.

दिवाणजी_अक्कलकोटरोड

सगळ्यांचे आभार. न्हावाशेवावाल्यांचा कागद मालकांपुढं ठेवला. 212 कार्टन, एकात 24 नग, म्हणजे 5,088 टॉवेल. नगाला 40 रुपयांनी 2,03,520 होतात, परतावा कमी होईल तो वेगळा. शेजारी बोनसचा कागद होता. डिस्काउंटचा आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. मालक बराच वेळ दोन्ही कागद बघत बसले.

शेवटी एजंटला कळवलं, 140 कार्टन 11 टक्क्यांनी घे, त्याच्यावर नाही. तीन दिवस फोन नाही. काल "ओके" एवढाच मेसेज आला. पॅकिंग क्रेडिटचं, म्हणजे निर्यातीसाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचं, व्याज चालू आहे, बरं म्हणायचं. बोनस यंदा 8.33 टक्केच, त्याच्यावर काही नाही. पूर्वभागवाले, तुमच्या प्रश्नाला मी अठरा वर्षांच्या वह्या चाळून उत्तर देऊ शकतो, पण ते इथं लिहिलं तर नोकरी जाईल.

राहिले 72 कार्टन. ते हैदराबादच्या एका हॉटेलवाल्याला दाखवलेत. त्याला लेबल चालतं, टॅग नको. आणि टॅगचा प्लास्टिकचा दोरा ओढला की टेरीचा फास निघतो, कात्रीनंच कापावं लागतंय. इथं कुणी हे काम नगावर करून घेतलंय का? बायका 60 पैसे मागतात, मालक 40 म्हणतात. चालू दर काय आहे?