खेद, दिलगिरी, माफी आणि आपले ‘जळीत’

प्रश्न, सांगलीहून

मी येथील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. जालियनवाला बागेवरील प्रश्नाच्या उत्तरात एका विद्यार्थिनीने ‘ब्रिटनने २०१९ मध्ये भारताची माफी मागितली’ असे लिहिले आणि मी अर्धा गुण कापला. पंतप्रधान थेरेसा मे यांनी १० एप्रिल २०१९ रोजी संसदेत जे घडले त्याबद्दल आणि झालेल्या यातनांबद्दल तीव्र खेद व्यक्त केला होता. माफीचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. आमच्या मराठीच्या बाईंचे म्हणणे असे, की खेद, दिलगिरी आणि माफी यांत बोलण्यापुरताच फरक आहे. तसा तो आहे का? आणि ‘जेनोसाइड’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

वाईहून

सर, गुण कापलात ते योग्यच केलेत. ‘दिलगीर’ हा फारसी शब्द. ज्याचे मन धरले गेले आहे असा, म्हणजे खिन्न. शेजाऱ्याच्या घरी मयत झाली तरी मनुष्य दिलगीर होतो, त्यासाठी त्याच्या हातून काही घडलेले असावे लागत नाही. ‘माफी’ अरबीतून आली आणि तिच्या मुळाशी सूट आहे. सारामाफी, कर्जमाफी, माफीची जमीन हे शब्द आपल्याकडे अजून जिवंत आहेत. सूट द्यायला कोणीतरी समोर असावा लागतो, आणि देणेही मान्य करावे लागते. क्रियापदेच पाहा: खेद आणि दिलगिरी आपण व्यक्त करतो, माफी मात्र मागतो. दिलगिरी मागितली असे कोणी म्हणत नाही. ३७९ हा मृतांचा आकडा त्या वेळच्या सरकारनेच दिलेला आहे आणि काँग्रेसच्या चौकशीत तो हजाराच्या घरात गेला. पण त्यांपैकी कोणताही आकडा धरला तरी ‘मागणे’ हे क्रियापद शंभर वर्षे टाळले गेले, हे लक्षात घ्यावे.

मिरजेहून

यापेक्षाही सौम्य शब्द वापरून पाहिला गेला आहे. जपानचे पंतप्रधान काकुएई तनाका २५ सप्टेंबर १९७२ रोजी बीजिंगच्या मेजवानीत बोलताना, युद्धकाळात चिनी जनतेला आपल्या देशामुळे मोठा ‘मेइवाकु’ झाला, असे म्हणाले. दुभाष्याने त्याला चिनीत जो प्रतिशब्द दिला तो चालताना एखाद्या बाईच्या लुगड्यावर पाणी उडाले तर वापरण्याचा आहे, आणि यजमान अर्थातच दुखावले. मराठीत तो ‘तसदी’ होईल. ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे दोन दिवस पाणी येणार नाही, तसदीबद्दल क्षमस्व’ या फलकावरची तसदी, आणि समोर जपानी सैन्याची कत्तल सोसलेल्या नानजिंगचे लोक! चार दिवसांनी निघालेल्या संयुक्त निवेदनात जपानने आपल्या जबाबदारीची तीव्र जाणीव नोंदवली. शब्दासाठी एवढी घासाघीस झाली, ती उगाच नव्हे.

कराडहून

दुसऱ्या प्रश्नाविषयी. ‘जेनोसाइड’ हा शब्द राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून घडवला. ९ डिसेंबर १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात त्याची कसोटी अशी ठरली, की एखादा राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक समूह पूर्णतः अथवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू असला पाहिजे. ‘कत्तल’, ‘हत्याकांड’, ‘नरसंहार’ यांत माणसे मेल्याचे कळते, हेतू कळत नाही. ‘शिरकाण’ तर रणांगणावरचे. म्हणून मी ‘वंशसंहार’ पसंत करतो. ‘वंश’ आपल्याकडे कुळापुरता अडकलेला आहे, ही अडचण मात्र राहतेच.

हा फरक काथ्याकूट वाटेल, पण तुर्कस्तानचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. १९१५ मध्ये तेथील ऑटोमन राजवटीत आर्मेनियन लोक मेले हे तेथील सरकार नाकारत नाही. ते हेतू नाकारते, आणि त्या काळच्या कायद्याला लावला जाणारा ‘तेहजिर’, म्हणजे स्थलांतर, हा शब्द धरून बसते. तो हिजरी आणि मुहाजिर यांच्याच धातूपासून आलेला आहे. ऐकताना वाटते, माणसे घर बदलून गेली.

साताऱ्याहून

वरील चर्चेत दूरचेच दाखले आले, म्हणून घरचा एक देते. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये आपल्या भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. गावोगाव त्याला आजही ‘जळीत’ म्हणतात. ‘जळणे’ हे अकर्मक क्रियापद आहे, ‘जाळणे’ सकर्मक. गवताची गंजीही जळते, तिला कर्ता लागत नाही. ‘जाळपोळ’ म्हटले, की कोणी केली हा प्रश्न पाठोपाठ येतो. ‘जळीत’ म्हटल्यावर तो येत नाही. मे यांचे ‘जे घडले’ आणि आपले ‘जळीत झाले’ यांचे व्याकरण एकच आहे, हे मला अलीकडेच उमगले.

मात्र हा शब्द केवळ जाळणाऱ्यांच्या सोयीचा होता असे म्हणवत नाही. माझी आजी जन्मभर ‘जळितात वाडा गेला’ असेच सांगत असे. कोणी जाळला हे तिला ठाऊक होते, आणि पुढे त्याच घरातून आमच्याकडे रोज दूध येत असे. तिने तो शब्द भीतीने निवडला, की शेजार टिकावा म्हणून, हे विचारायचे राहून गेले.

पुन्हा सांगलीहून

वाईकरांचा आणि साताऱ्याच्या ताईंचा आभारी आहे. अर्धा गुण कापलेलाच ठेवला आहे. समासात शेरा बदलून ‘कोणी मागितली? कोणाकडे?’ असे लिहिले. आमच्या मराठीच्या बाई आता ‘जळीत’ शब्दकोशात शोधत आहेत.