शोरूमच्या आतले अनुभव : गाड्या विकणाऱ्यांनी, दुरुस्त करणाऱ्यांनी लिहा

सहा वर्षं सेल्सला होते, आता सोडलंय म्हणून बिनधास्त लिहिते. गिऱ्हाइकांची रडगाणी खूप वाचली, आतल्यांनीही लिहा. कंपनीचं नाव नको.

एक तारखेला फळ्यावरचा आकडा पुसला जायचा. काल टाळ्या, आज 'खातं उघडलं का?' टार्गेट दहाचं आणि नऊवर अडकलात तर इन्सेंटिव्हचा स्लॅबच (दर गाडीमागे मिळणाऱ्या पैशांचा टप्पा) खाली येतो, म्हणजे नुसते एका गाडीचे पैसे जात नाहीत, आधीच्या नऊंचेही कमी होतात. मग महिनाअखेरीला माणूस काहीही करतो. मी सख्ख्या मावशीच्या गळ्यात तिला नको असलेला रंग मारला कारण ती गाडी स्टॉकला उभी होती आणि तिच्यावर मालकाच्या कर्जाचं व्याज चढत होतं. मावशी अजून टोमणे मारते.

——

वर्कशॉपमधला मेकॅनिक. आमच्याकडे कामाला वेळ ठरलेला, पैसेही त्या वेळेचेच. दोन तासांच्या कामात गंजलेला बोल्ट तुटला की तो काढण्यात अख्खी दुपार जाते, मिळतात दोनच तासांचे. वॉरंटीच्या कामाला तर वेळ अजून कमी धरतात, त्यामुळे ते जॉब कार्ड आलं की सगळे एकदम चहाला गायब :) इलेक्ट्रिक गाड्या आल्या तेव्हा ट्रेनिंगला सांगितलं, नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या केबलला हजार व्होल्ट सोसणारे ग्लोव्ह्ज घातल्याशिवाय हात लावायचा नाही, घालण्याआधी हवा भरून भोक आहे का बघायचं. ग्लोव्ह्जची जोडी किती, तर अख्ख्या वर्कशॉपला एक, तीही स्टोअरच्या कपाटात कुलपात, आणि किल्लीवाला रजेवर. मी त्या दिवशी गाडीला हात लावला नाही, मेमो मिळाला.

——

मेमो जपून ठेवा दादा, पुढे कामाला येईल.

मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर होतो. गाडी देताना 'सर, सर्व्हिस कशी वाटली विचारायला कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहाच मार्क द्या' म्हणून अक्षरशः हात जोडायचे. लोक बिचारे खूश होऊन आठ देतात, आमच्याकडे आठ म्हणजे नापास. पार्ट कंपनीकडून आला नाही तरी शिव्या आम्हालाच.

——

माझा अनुभव एवढा वाईट नाही. मॅनेजर चांगला होता, गिऱ्हाईक अंगावर आलं की स्वतः पुढे यायचा. तो गेल्यावर चार महिन्यांत आम्ही पाचजण सोडून गेलो.