नॉर्वेचे शिक्षक, १९४२ : निःशस्त्र प्रतिकार संघटनेमुळे जिंकला की शत्रूच्या गरजेमुळे?

धागाकर्ता :
परकीय सैन्याने देश व्यापल्यावर नागरिकांनी प्रतिकार कसा उभारावा, ही चर्चा आपल्याकडे बहुधा वैयक्तिक शौर्याच्या कथांवर येऊन थांबते. नॉर्वेच्या शिक्षकांचा लढा वाचताना मला शौर्याहून संघटनेची वीण अधिक मोलाची वाटली, आणि तेच मत मी येथे मांडत आहे.

जर्मनीने ९ एप्रिल १९४० रोजी नॉर्वेवर आक्रमण केले. १ फेब्रुवारी १९४२ रोजी नॉर्वेतल्याच नाझीधार्जिण्या पक्षाचा पुढारी विद्कुन क्विसलिंग जर्मनांच्या आशीर्वादाने सरकारचा प्रमुख झाला आणि चारच दिवसांनी त्याने कायदे केले : प्रत्येक शिक्षकाने नव्या सरकारी शिक्षकसंघाचे सभासद झालेच पाहिजे, आणि १० ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींनी त्याच्या पक्षाच्या युवक संघटनेत सेवा केलीच पाहिजे. भूमिगत शिक्षक पुढाऱ्यांनी यावर चार ओळींचा मजकूर ठरवला. मुलांना असे वळण लावणे माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही आणि मी स्वतःला या संघाचा सभासद मानत नाही, एवढाच त्याचा आशय होता. प्रत्येकाने तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने, २० फेब्रुवारीच्या सुमारास टपालात टाकायचा होता. सुमारे १४,००० शिक्षकांपैकी निम्म्याहून बऱ्याच अधिकांनी तो टाकला. मजकूर एकच आणि सह्या हजारो, त्यामुळे एखादा म्होरक्या उचलून प्रकरण मिटवण्याची सोयच सरकारला उरली नाही.

ही शिस्त एका रात्रीत आलेली नव्हती. मे १९४१ मध्ये ४३ संघटनांनी जर्मन प्रशासक टेरबोवेन याला संयुक्त निषेधपत्र दिले होते. त्याने पुढाऱ्यांना अटक केली, काही संघटना मोडल्या आणि उरलेल्यांवर आपली माणसे बसवली. सभासद बाहेर पडले, पण त्यांची एकमेकांशी असलेली ओळख शाबूत राहिली आणि त्याच ओळखीवर भूमिगत समन्वय समिती उभी राहिली.

प्रतिसाद १ :
मी असहमत आहे. सरकारला शेवटी शिक्षकांपुढे नमते घ्यावे लागले खरे, पण माझ्या मते हा विजय शत्रूच्या गरजेने दिलेला आहे. नाझींच्या वंशविचारात नॉर्वेची माणसे 'आपली' होती, त्यांना जिंकून घ्यायचे होते, म्हणून पत्राला उत्तर अटकेचे आले, सरसकट गोळीबाराचे नाही. पोलंडमध्ये शिक्षक आणि प्राध्यापक यांची पत्रे वाचायलाही कोणी थांबले नसते. खुद्द नॉर्वेतही एप्रिल १९४२ मध्ये तेलावोग येथे गेस्टापोचे, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांचे, दोन अधिकारी मारले गेले, तेव्हा ते गाव जाळून टाकले गेले आणि तेथील पुरुषांना साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत धाडण्यात आले. सौम्यपणा कुठे संपतो, हे तेथे दिसले.

प्रतिसाद २ :
मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, म्हणून माझे लक्ष पत्रानंतरच्या आठवड्यांकडे जाते. सही करताना माणूस घरातल्यांचाच विचार करतो. सरकारने इंधनटंचाईचे निमित्त काढून शाळा बंद केल्या, तेव्हा हजारो पालकांनी निषेधाची पत्रे पाठवली. मार्चमध्ये सुमारे १,१०० पुरुष शिक्षक पकडले गेले. छावणीत उपासमार आणि बर्फातली निरर्थक कवायत सोसूनही बहुतेकांनी माघार घेतली नाही. पुढे सुमारे पाचशे जणांना एका लहान जहाजात कोंबून पार उत्तरेला किर्केनेसला नेऊन वेठीला जुंपले. या काळात त्यांच्या घरी गुपचूप पैसे पोचत होते. मला हेच खरे संघटन वाटते, कारण चूल विझली असती तर त्या चार ओळी कितीशा टिकल्या असत्या?

प्रतिसाद १ :
तो मुद्दा मान्य. तरीही त्याच वर्षाचा नोव्हेंबर पाहा. शिक्षक किर्केनेसहून घरी परतले तो हाच महिना. याच महिन्यात बिशप आणि इतर धर्मसंस्थांनी ज्यूंच्या छळाविरुद्ध क्विसलिंगला पत्र लिहिले. तेही निर्भय होते, तेही अनेकांच्या सहीचे होते. २६ नोव्हेंबरच्या पहाटे ऑस्लोत टॅक्सी ताब्यात घेऊन बायकामुलांना घराघरांतून उचलण्यात आले आणि पाचशेहून अधिक ज्यू 'डोनाउ' जहाजातून ऑशविट्झच्या मृत्युछावणीच्या वाटेला लागले. दारावर थाप मारणाऱ्यांत नॉर्वेचे पोलीस होते. पत्राने काय थांबवले?

धागाकर्ता :
या प्रश्नापुढे माझी मूळ मांडणी अपुरी पडते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण दोन्ही पत्रे एकाच जातीची नव्हती. बिशपांनी दुसऱ्यांनी थांबावे अशी विनवणी केली, तर शिक्षकांनी स्वतःचे काम काढून घेतले. शिक्षकांवाचून वर्ग चालत नव्हता, म्हणून मे महिन्यात स्टाबेकच्या शाळेत क्विसलिंग शिक्षकांवर ओरडला की तुम्ही माझे सगळे धुळीला मिळवले. शत्रूची गरज होती, हे तुमचे म्हणणे खरे आहे, परंतु ती गरज ओळखून नेमकी तीच रोखण्यासाठी हजारोंना एका दिवशी उभे करणे हे संघटनेचेच काम होते.

त्या पहाटे गरज पोलिसांची आणि गाडी चालवणाऱ्यांची होती. त्यांच्यात काहींनी आधी इशारे दिले, आणि सीमेपलीकडे नेणाऱ्या गुप्त वाटांनी नॉर्वेतील निम्म्याहून अधिक ज्यू स्वीडनला निसटले. पण सर्वांनी मिळून ठरवलेल्या चार ओळी त्या पेशांत कोणी फिरवल्या नव्हत्या.