सीमेपलीकडं लॉटरीची तिकिटं नेणं हाच स्वतंत्र गुन्हा करावा का?

उदगीरकर
उदगीर, देगलूर, बिलोली, उमरगा हे चारही तालुके लॉटरीबंदीच्या राज्याला लागून आहेत. कर्नाटकानं २००७ मध्ये लॉटरी बंद केली, तेलंगणातही ती चालत नाही. आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९पासून सुरू आहे, म्हणून पलीकडचं गिऱ्हाईक आणि पलीकडचे फेरीवाले इथंच येतात.

अडचण अशी की १९९८च्या लॉटरी (विनियमन) कायद्यात तिकिटांच्या वाहतुकीवर कलमच नाही. बिदरच्या रस्त्यावर कुणाच्या पिशवीत तिकिटांचा गठ्ठा सापडला, तर तो म्हणतो, "माझी स्वतःची आहेत." पुढं विक्री सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची, आणि ती होत नाही.

अमेरिकेनं १८९५ मध्येच वाहतूक हाच गुन्हा ठरवला. पॅराग्वेच्या लॉटरीची तिकिटं पेटीत घालून टेक्सासमधल्या डॅलसहून कॅलिफोर्नियाला पाठवली, त्यावरून खटला झाला. १९०३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी कायदा उचलून धरला. आपल्याकडंही मर्यादा ठरवा. समजा, ५० तिकिटांच्या वर बंदीच्या राज्यात नेली की गुन्हा. विक्री झाली की नाही हा प्रश्नच उरणार नाही.

कलम_सात
उदगीरकर, हे नवं कलम कशाला? आहे तेच नीट वाचा. कलम ७ फक्त विकणाऱ्यापुरतं नाही. कायदा मोडून चाललेल्या लॉटरीचं तिकीट विकणारा, वाटणारा आणि विकत घेणारासुद्धा त्यात येतो. शिक्षा २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी, किंवा दंड, किंवा दोन्ही. कलम ८ प्रमाणं गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. फेरीवाल्याला माल देणारा 'वाटणारा' ठरू शकतो. पण त्याला पुरावा लागतो आणि तो पिशवीत नसतो, हिशेबाच्या वहीत असतो. कोणत्या मालिकेचे कोणते नंबर कुणाला दिले, न विकलेले कधी परत आले, हे स्टॉकिस्टकडं, म्हणजे ठोक विक्रेत्याकडं, लिहिलेलं असतं. पंचनाम्यात तिकिटांचे नंबरच उतरवले नाहीत तर ती वही जप्त करूनही काही जुळत नाही. प्रकरण पडतं ते तिथं.

वाहतूक गुन्हा केली तर सरळ धंद्याचं काय? २०१०च्या नियमांप्रमाणं तिकीट सरकारी छापखान्यात किंवा ठरलेल्या सिक्युरिटी प्रेसमध्येच छापायचं. छपाई एका राज्यात, सोडत दुसऱ्या, विक्री तिसऱ्या. मधलं राज्य बंदीचं असलं म्हणून ट्रक अडवायचा का? अमेरिकेलाही १९७५ मध्ये राज्यांच्या लॉटऱ्यांसाठी सवलतीचं कलम घालावंच लागलं.

काउंटरवाले
दोघंही पिशवीतच अडकलात राव. आता गठ्ठा सीमा ओलांडतच नाही, फोटो ओलांडतो. भालकीचं गिऱ्हाईक यूपीआयनं पैसे पाठवतं, इकडचा विक्रेता तिकीट बाजूला काढून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. तिकीट उमरग्याच्या गल्ल्यातच. मग ५० काय नि ५०० काय, नाक्यावर सापडणार काय?

गिऱ्हाईक फसतं ते इथंच. बक्षीस मूळ तिकीट हजर करणाऱ्याला मिळतं, फोटोला किंमत शून्य. शंभर-दोनशेचं लागलं तर विक्रेता इमानानं देतो, पुढच्या धंद्यासाठी. मोठं लागलं की तिकिटामागं सही त्याच्याच घरच्या माणसाची. तोच फोटो चौघांना पाठवलेला असला तर लहान बक्षिसावरही भांडण. आणि तक्रार करायची कुठं? बंदीच्या राज्यात बसून तिकीट घेतल्याचं स्वतःच लिहून द्यावं लागतं, म्हणून कुणी जात नाही.

केरळात ऑनलाइन विक्रीला परवानगीच नाही, फक्त कागदी तिकीट. तरी फोटोचा धंदा तिथंही आहे. पण निदान नियम स्पष्ट आहे: तिकीट हातात द्या. आपल्याकडं तेवढं एजन्सीच्या अटीत ठळक घाला आणि मोडणाऱ्याची एजन्सी काढून घ्या. तुरुंगापेक्षा त्याला विक्रेता जास्त भितो.

लेखापाल_लातूर
माझं मत थेट आहे: आपली लॉटरीच बंद करा. सर्वोच्च न्यायालयानं बी. आर. एंटरप्रायझेस प्रकरणात (१९९९) कलम ५चा अर्थ लावून दिलाय. स्वतःची लॉटरी चालवणाऱ्या राज्याला दुसऱ्या राज्याच्या तिकिटांवर बंदी घालता येत नाही. म्हणजे आपली चालू असेपर्यंत सिक्कीम-नागालँडची तिकिटंही येणारच.

सरकार लॉटरी बंद करत नाही ते करामुळं. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी ४० टक्के, त्याआधी २८. तिकिटाच्या किमतीतच कर धरलेला असतो, म्हणून १०० रुपयांच्या तिकिटात २८ रुपये ५७ पैसे कराचे. त्यातला अर्धा वाटा राज्याचा. बिदरच्या मजुरानं उदगिरात तिकीट घेतलं तर तो वाटा मुंबईला, कर्नाटकाच्या पदरात फक्त त्याचं कर्ज. वर १ लाखाचं बक्षीस लागलं तर ३० टक्के कापून हातात ७० हजार, आणि त्या करावरच्या ४ टक्के उपकराचे १,२०० नंतर. हरलेल्या तिकिटांचा खर्चही वजा मिळत नाही. शेजाऱ्याच्या बंदीवर आपण कमाई करायची, हे मला मान्य नाही.

धर्माबादकर
लेखापाल साहेब, बंद करून माणूस खेळायचा थांबतो का? तो मटक्याकडं जातो. १९९८च्या कायद्यानं एक अंकी लॉटरीला मनाई केली ती उगाच नाही. एका आकड्यावर पैसे लावणं म्हणजे मटक्याचा ओपन-क्लोजच. लॉटरीत निदान छापील नंबर आहे, जाहीर सोडत आहे, दाद मागायला कार्यालय आहे. चिठ्ठीवर काय आहे? आणि मटकेवाल्यावर लागतं जुगार कायद्याचं कलम १२(अ). तासाभरात सुटून तो परत टपरीवर. बंदीचा पहिला फायदा त्यालाच.

उदगीरकर
काउंटरवाले, फोटोचा मुद्दा पटला, अट घालाच. पण गठ्ठ्याचं काम संपलेलं नाही. हातावर पोट असलेला, यूपीआय नसलेला माणूस फेरीवाल्याकडूनच घेतो, आणि तोच सगळ्यात जास्त बुडतो. कलम_सात, ट्रकची अडचण मालासोबतच्या चलनानं (कागदानं) सुटते: छापखान्याचं नाव, सोडत क्रमांक, मालिका, पोहोचायचं ठिकाण. चलन असेल तर माल पुढं जाऊ द्या, नसेल तर जप्त करा. लेखापाल साहेबांची पूर्ण बंदी मला नको, धर्माबादकरांनी कारण सांगितलंच.

कलम_सात
चलनासह असेल तर विरोध नाही. पण ५०चा आकडा काढा. फेरीवाला ४९-४९चे गठ्ठे तीन पोरांच्या हाती देईल. आणि यात पोरं गुंतवणाऱ्याला वेगळी, जास्त शिक्षा लिहा.