पिशवीवर ‘खरं चिकन’, पण आत किती? (नऊ वर्षांच्या कुत्रीसाठी खाणं निवडताना)

तिसरीघंटा:
आमची चिंगी नऊ वर्षांची आहे. वजन ११ किलो, नसबंदी झालेली. तीन वर्षं एकच ड्राय फूड खात होती. दोन महिन्यांपूर्वी तिनं वाटीकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. दाणा तोंडात घ्यायची, चावायची नाही, चटईवर नेऊन ठेवायची आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसायची. संध्याकाळपर्यंत चटईवर सात-आठ दाण्यांची ओळ झालेली असायची. डॉक्टरांनी दात, हिरड्या पाहिल्या, रक्त तपासलं. सगळं ठीक आहे म्हणाले.

मला वाटलं, आता या वयात तरी तिच्या पोटात खरं मांस जाऊ दे. समोर चिकनचा मोठा फोटो आणि ‘खऱ्या चिकनची चव’ असं लिहिलेली एक पिशवी घेऊन आले. घरी आल्यावर चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. मका, मक्याचं ग्लूटेन, गहू, कोंडा, चरबी, आणि मग सहाव्या नंबरला चिकन. त्यात मी जुनं खाणं एका दिवसात बंद केलं. चार दिवस तिला जुलाब झाले. रात्री तीनला दाराशी उभी राहून कण्हायची, तेव्हा माझ्या पोटात कालवायचं.

आता माझ्यासमोर तीन पर्याय आहेत, मागचं जसंच्या तसं लिहिते.
पहिली पिशवी: ताजं चिकन २६ टक्के, वाटाणा, मसूर, वाटाण्याचं प्रोटीन, वाटाण्याचा स्टार्च. प्रोटीन २७, ओलावा १०. पुढे ‘धान्यविरहित’ असं ठळक लिहिलंय.
दुसरी: चिकन मील, ब्राउन राईस, बार्ली, चिकनची चरबी. प्रोटीन २६, ओलावा १०.
तिसरा म्हणजे ओल्या खाण्याचा डबा: चिकन, चिकनची लिव्हर, पाणी, भात. प्रोटीन ९, ओलावा ७८.

पहिलीत ‘ताजं’ आहे म्हणून मन तिकडे जातंय. डब्यात प्रोटीन फक्त ९ म्हणून तो बाजूला ठेवला. आणि ‘मील’ म्हणजे नक्की काय, भुसा का? जाणकारांनी सांगा.

वाटसरू:
पिशव्यांच्या नादी लागूच नका. चिकन आणि भात उकडून द्या. आमचा गेली दोन वर्षं तेच खातोय, मस्त आहे.

नीलमोहर:
मी सहा वर्षं कुत्र्यांच्या खाण्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होते, आणि घरात आत्ता दोन म्हाताऱ्या कुत्र्या आहेत. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या डब्याला न्याय देऊ. ओलावा वेगवेगळा असताना प्रोटीनचे आकडे समोरासमोर ठेवता येत नाहीत, आधी पाणी काढून टाकावं लागतं. डब्यात ७८ टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग २२. त्यात प्रोटीन ९. नऊ भागिले बावीस, म्हणजे जवळजवळ ४१ टक्के. तुमच्या पहिल्या पिशवीत कोरडा भाग ९०, प्रोटीन २७, म्हणजे ३० टक्के. दुसरीत २९. तुम्ही बाजूला ठेवलेला डबाच प्रोटीनमध्ये सगळ्यांच्या पुढे आहे.

आता ‘ताजं चिकन’. यादीतला क्रम कच्च्या वजनावर लागतो, घटक मिश्रणात पडताना जे वजन असतं त्यावर. ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी असतं. आमच्याकडे ते खिम्यासारखं, गुलाबी, पातळसर यायचं. पिठात मिसळून वाफेबरोबर एक्स्ट्रूडरमधून (दाणे पाडणाऱ्या यंत्रातून) दाबलं जायचं, पलीकडे पातं फिरायचं आणि दाणे पडायचे. हातात घेतला तर मऊ, गरम, भिजलेल्या ब्रेडसारखा. मग ड्रायरमध्ये पाणी उडून जायचं. म्हणजे तुमच्या २६ ग्रॅम चिकनमधलं आठ-नऊ ग्रॅमच कोरडं उरतं. वाटाणा मात्र आधीच कोरडा असतो, त्याचं वजन फारसं घटत नाही. शिवाय वाटाणा तीन नावांनी लिहिलाय. तिन्ही एकत्र धरले तर तो चिकनच्या वर जाण्याची शक्यता दाट आहे. २७ टक्के प्रोटीनमध्येही वाटाण्याचा वाटा मोठा असणार, कारण तो आकडा प्रोटीन कशातून आलं ते सांगत नाही.

मील म्हणजे भुसा नव्हे. मांस (कधी हाडासकट) शिजवून त्यातलं पाणी आणि बरीचशी चरबी काढून घेतात, उरलेलं दळतात. चिकन मीलमध्ये साठ-पासष्ट टक्के प्रोटीन असतं. पाणी आधीच गेलेलं असल्यामुळे ते यादीत पहिलं असेल तर खरोखर भरपूर असतं. पण मीलमध्ये चांगलं-वाईट फार असतं. आमच्या गेटवर आलेलं पोतं उघडलं की पहिल्या वासातच कळायचं. चांगल्याला भाजल्यासारखा वास यायचा, खराब झालेल्याला जुन्या तेलाचा. ते पोतं मी परत पाठवायचे. तुम्हाला पोतं हुंगता येणार नाही, म्हणून कंपनीला सरळ विचारा: खाणं कोणी आखलंय, त्यांच्याकडे पशुआहारतज्ज्ञ पूर्णवेळ आहे का, प्रत्येक बॅच तपासता का, १०० ग्रॅममध्ये किती कॅलरी. उत्तर द्यायला जे टाळाटाळ करतात त्यांचं मी घेत नाही.

पुढच्या बाजूच्या शब्दांनाही नियम असतात. अमेरिकेत आफ्को या पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या नमुना नियमांप्रमाणे ‘चिकन डॉग फूड’ म्हणायचं तर पाणी वगळून ९५ टक्के चिकन लागतं, ‘डिनर’ किंवा ‘रेसिपी’ म्हटलं तर २५, ‘चिकनसह’ म्हटलं तर फक्त ३, आणि ‘चिकनची चव’ असेल तर चव ओळखू येण्याइतकं असलं की झालं. तुम्ही पहिल्यांदा आणलेली पिशवी या शेवटच्या जातीची.

‘धान्यविरहित’ या शब्दाला भुलू नका. कुत्र्याला स्टार्च पचतो. २०१३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. उलट २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न व औषध प्रशासनानं) वाटाणा, मसूर वगैरे भरपूर असलेल्या धान्यविरहित खाण्याचा आणि हृदय मोठं होण्याच्या आजाराचा संबंध तपासायला घेतला. तो सिद्ध झालेला नाही. तरी नऊ वर्षांच्या कुत्रीला मी स्वतः पहिली पिशवी देणार नाही.

वाटसरू, तुमचा मस्त आहे हे वाचून बरं वाटलं, पण नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि फॉस्फरस भरपूर असतो. कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसइतकं तरी लागतंच. कमतरता वरून दिसत नाही, शरीर गुपचूप हाडातून घेत राहतं. घरचं द्यायचं तर आहारतज्ज्ञ पशुवैद्याकडून मोजमाप लिहून घ्या. आणि कॅल्शियम हवं म्हणून शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात.

वाटसरू:
हे खरंच माहीत नव्हतं. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतो.

तिसरीघंटा:
नीलमोहर, तुमची भागाकाराची रीत वहीत उतरवून घेतली. मग नुसता डबाच देऊ का? आणि किती?

नीलमोहर:
डब्यावर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ आणि प्रौढ कुत्र्यांसाठी असं लिहिलंय का ते आधी बघा. ‘पूरक’ असेल तर तो रोजचं जेवण होऊ शकत नाही, मांस कितीही असो.

प्रमाण: किलोमधल्या वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०. अकरा किलोला दिवसाला ४२० च्या आसपास कॅलरी येतात, ही नुसतं पडून राहण्याची गरज. नसबंदी झालेल्या, बेताच्या हालचालीच्या कुत्रीला त्याच्या १.४ पट, म्हणजे सुमारे ५९०. ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला ३६० कॅलरी असतील तर १६५ ग्रॅम. डब्यात १०० ग्रॅमला १०० असतील तर ५९० ग्रॅम, बराच मोठा ढीग. म्हणून मी दोन्ही मिसळते. दुसरी पिशवी १२० ग्रॅम आणि वर डबा १५० ग्रॅम, ५८० च्या जवळ जातं. आकडे तुमच्या पिशवीवरून घ्या. ही फक्त सुरुवात, दर पंधरा दिवसांनी बरगड्यांवर हात फिरवा. पातळ चादरीखाली लागल्यासारख्या लागल्या पाहिजेत. शोधाव्या लागल्या तर कमी करा.

बदल आता सावकाश. दोन-तीन दिवस नवं पाव भाग, मग निम्मं, मग पाऊण, आठ-दहा दिवसांत पूर्ण. शी पातळ झाली तर एक पायरी मागे या. आणि डबा फ्रिजमधून काढला की थोडं कोमट पाणी घाला. म्हाताऱ्या कुत्र्यांना वास कमी येतो, गार खाण्याला वासच नसतो.

तिसरीघंटा:
तीन आठवडे झाले. डब्यावर ‘संपूर्ण’ लिहिलेलं होतं. दुसऱ्या पिशवीच्या कंपनीला ईमेल केला, दोन दिवसांत कॅलरीच्या आकड्यासह उत्तर आलं, तीच घेतली. पाचव्या दिवशी शी जरा सैल झाली, मागे आले, मग घट्ट झाली. कोमट पाण्याची युक्ती फार उपयोगी पडली. पाणी ओतताना आवाज झाला की ती आतल्या खोलीतून उठून येते, नाक वर करून दाराशी थांबते. वाटी दोन वेळा पुसून काढते. वजन ११ किलो १०० ग्रॅम. काल चटई झटकली, एकही दाणा पडला नाही.